नामदेवचा करदोडा

आमच्या गावच्या शाळेत, हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक करदोडा लावला आहे. कमरेचा काळा दोरा, आता मातकट झालेला, एका टोकाला दातांनी चावून तोडल्यासारखा. खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी आहे: ‘हवालदार किसनराव यांनी युद्धकैदेत कमरेला बांधलेला करदोडा.’ तो करदोडा माझ्या आजोबांचा नाही. हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, देवाजवळसुद्धा नीट नाही.

मागच्या सव्वीस जानेवारीला गावात आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, नावाचा दगड बसवला. सरपंच तिशीचा पोरगा. त्याच्या जन्माआधीच आबाजी गेले होते. त्यानं मोबाइलवर कुठं काय वाचलं देव जाणे, पण चिखलीला माझ्या घरी आला आणि म्हणाला, “काका, आपल्या गावात एवढा मानूस होऊन गेला अन् आपल्याले मालूमच नाही. लाज वाटली मले.” त्यानं आबाजींच्या काही वस्तू मागितल्या. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. झाकण उघडलं तसा कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा, जुन्या लोकरीचा आणि गंजाचा एक वास वर आला आणि मी पेटीसमोर तसाच बसून राहिलो. बायको म्हणाली, चहा गार होतोय. दोनदा म्हणाली.

पेटीत दोन बिल्ले होते, कैदेत पत्र्याचा तुकडा ठोकून केलेला एक चमचा होता, आणि काडेपेटीत घडी घालून ठेवलेला तो करदोडा. मी काडेपेटी बाजूला काढून ठेवायला हवी होती. ठेवली नाही. शाळेत सरांनी ती उघडली, करदोडा चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, “हा आबाजींचाच ना?” मी “हो” म्हणालो. माझ्या हातात तेव्हा माइकही नव्हता, समोर पोरंही जमली नव्हती. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नंतर शाल आली, नारळ आला, मी बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलीच्या पोरांनी त्या चौकटीला सलाम ठोकला.

हे लिहायला बसलो ते त्या सलामामुळे.

आबाजी उंच होते, पण चालताना आपली उंची कोणाच्या नजरेत येऊ नये असे चालायचे. पैनगंगेच्या काठचं आमचं गाव. पहाटे गोठ्यातून धार काढल्याचा आवाज यायच्या आधी ते अंगणात उभे असत. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, टाचा जुळलेल्या. कैदेत रोज पहाटे गिनती व्हायची. माणूस तापानं फणफणला असला तरी दोघांनी धरून उभा करायचा. ती कैद संपून पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती, पण आमच्या अंगणातली गिनती चालूच होती. ओठ हलायचे. शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडायचा, “काय हवालदार, आज किती भरले?” मला तेव्हा वाटायचं, आबाजी देवाचं नाव घेतात. ते नाव देवाचं नव्हतं. ते मी पुढे सांगतो.

रताळ्याच्या वासावरून त्यांचं घरात कोणाशी पटायचं नाही. एकादशीला, शिवरात्रीला चुलीवर रताळी उकडायला ठेवली, की ते पागोटं डोक्याला गुंडाळून शेताकडे निघायचे आणि दिवे लागल्यावर परत यायचे. कैदेत ज्या बेटावर ठेवलं होतं तिथं कैद्यांनी रताळ्याचा पालाच दोन वर्षं खाल्ला होता, हे मला फार उशिरा कळलं. गोठ्यावर पत्रे टाकले होते, तेही त्यांनी एका पावसाळ्यात स्वतः चढून काढले आणि पुन्हा कौलं घातली. पत्र्यावर पडणारा पाऊस त्यांना सोसायचा नाही. आई म्हणायची, तुमच्या बाबांले पान्याचाही आवाज कायले लागते. बाप म्हणायचा, लागते तर लागते.

आणि पंगत. लग्नाची असो, सप्त्याची असो, आबाजी बसले की त्यांच्या डाव्या हाताची जागा रिकामी राहायची. वाढपी पुढे सरकायचे. नवखा कोणी तिथं बसला तर आबाजी उठून पंगतीच्या टोकाला जाऊन बसत, पुन्हा डावीकडे कोणी नको. लहानपणी एकदा मी हट्टानं तिथं बसलो. त्यांनी मला दोन्ही काखांत धरून उचललं आणि उजव्या बाजूला ठेवलं. मारलं नाही. गावात हसू व्हायचं. कोणी म्हणायचं, मिलिटरीची अक्कल अशीच असते. कोणी म्हणायचं, मेल्यावर जर हा एवढा जेवते, तर जितेपनी किती जेवत असन.

‘मेल्यावर’ ही गावाची गंमत होती. आबाजी खरोखरच एकदा मेले होते.

दुसऱ्या महायुद्धात मलायात पलटण जपान्यांच्या हाती पडली आणि त्यानंतर घरी पत्र नाही, पैसा नाही, निरोप नाही. मग रजेवर आलेल्या कोण्या एका शिपायानं सांगितलं की त्या पलटणीतला एकही जण उरला नाही. आबाजींचे वडील देवळातल्या महाराजांकडे गेले. देह नाही म्हणून माणसाला असंच भटकत ठेवू नये, पुतळा जाळावा, असं ठरलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ, त्यावर आबाजींचं जुनं पागोटं. पैनगंगेच्या काठावर अग्नी दिला. तेरावं झालं. आजीच्या बांगड्या काढल्या.

सव्वा वर्षानं आबाजी चालत आले. वेशीजवळच्या हनुमानाच्या ओट्यावर त्यांना पहिल्यांदा एका गुराख्यानं पाहिलं आणि तो गुरं टाकून पळाला. गावानं ठरवलं, ज्याचं क्रियाकर्म झालं तो माणूस गावात असा येऊ शकत नाही, त्याला पुन्हा जन्माला घालावं लागेल. सात दिवस ते त्या देवळात राहिले. दुरून भाकर ठेवली जायची. साडेतीन वर्षांच्या कैदेतून सुटलेला माणूस पुन्हा सात दिवस कैदेत. मग त्यांना दुधा-तुपानं आंघोळ घातली, जिभेवर मध लावला. पाळण्यात मावेना म्हणून सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, आत्या म्हणून, त्यांच्या कानात कुर्रर्र करून नाव घेतलं, किसन. पोरांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के मारले. ती हसत होती आणि रडत होती, असं सांगतात. मग आजीशी पुन्हा लग्न लावलं. आजी कधीकधी हळद दळताना म्हणायची, “मले एकाच जल्मी दोनदा हळद लागली, अन् दोन्हीपाई नवरदेव हाच.”

फाल्गुनात माळावर पळस पेटल्यासारखा फुलायचा. आबाजी बांधावर थांबून बघत आणि म्हणत, “माहं सरन फुललं.” आम्ही पोरं खिदळायचो.

ही बातमी बारा गावांत गेली. मेलेला माणूस चालत आला. ती बातमी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या वडनेर भोलजीलाही गेली, आणि तिथं ती एका बाईनं पदराला गाठ मारून ठेवली.

तिचं नाव काशीबाई. तिचा नवरा नामदेव हा आबाजींच्याच पलटणीत होता. रांगेत तो आबाजींच्या डाव्या हाताला उभा राहायचा. दोघं एकाच दिवशी कैद झाले, एकाच जहाजाच्या तळात कोंबून त्या बेटावर नेले गेले. नामदेव निघाला तेव्हा काशीबाई पोटुशी होती. पलटण पडण्याआधी मिळालेल्या शेवटच्या पत्रात एवढंच होतं की मुलगी झाली, बारसं व्हायचं आहे. मुलीचं नाव त्याला कळलंच नाही.

नामदेव हगवणीनं आणि तापानं गेला. आबाजींच्या मांडीवर गेला. कागद नव्हता, पंचांग नव्हतं, पण आबाजी चंद्र मोजत होते. श्रावण वद्य पंचमी. तिथं जाळायला लाकूड देत नसत, पुरलं. पुरण्याआधी आबाजींनी त्याच्या कमरेचा करदोडा दातांनी तोडला, कारण सुरी जवळ ठेवायची परवानगी नव्हती, आणि करदोडा तोडल्याशिवाय आपल्याकडे माणसाला निरोप देत नाहीत. जायच्या आदल्या दिवशी नामदेव शुद्धीवर होता. तो म्हणाला होता, “काशीले सांगजो, वाट पाहू नको म्हना. अन् पोरीचं नाव काय ठेवलं, थे इचारजो.”

दुसरा जन्म झाल्यावर, अंगात जरा त्राण आल्यावर, आबाजी करदोडा कनवटीला लावून वडनेरला गेले. काशीबाई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं त्यांचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं, ओवाळलं. जणू देवच आला. तिच्या सासऱ्यांचंही पुतळ्याचं चाललं होतं, पण तिनं करू दिलं नव्हतं. ती म्हणाली, “तुमचा त पुतळा जाळला भाऊ, तरी तुमी आले. माह्या घरच्याचा मी जाळूच देल्ला नाही. मंग त्यानं त येयलेच पाह्यजे.”

आणि आबाजींनी म्हटलं, “हाव वयनी. येईन.”

मुलीचं नाव मात्र त्यांनी विचारलं. इंदू. पहाटेच्या गिनतीत त्यांचे ओठ हलायचे ते या नावासाठी. डावीकडे मान न वळवता ते रोज नामदेवला त्याच्या मुलीचं नाव सांगत होते.

हे सगळं आबाजींनी मला एका दुपारी सांगितलं. माझी बारावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. चैत्र संपत आला होता, आंब्याखाली बाज टाकलेली, वर कैऱ्या, आणि उन्हात तापलेल्या शेताच्या धुऱ्यावरून येणारा तो कोरडा, करपट वास. आबाजींना तोवर एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं आणि गुडघे गेले होते. चाळीसच्या वर वर्षं ते एकदाही परत वडनेरला गेले नव्हते. दरवर्षी जायचं ठरवायचे. ते म्हणाले, “मी तिले मारून आलो नाही बाबू, तिले तशीच जित्ती ठेवून आलो. थे जास्त वाईट. आता माह्यानं होत नाही. तू जाय. तू परका हायेस, तुह्या तोंडून निंघन.”

त्यांनी काडेपेटी दिली. काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. आधी पाया पड. मग तिथी सांग. मग करदोडा दे, म्हणावं पुतळा करतील तेव्हा त्याच्या कमरेला हा बांधा. मग वाट पाहू नको, हे त्याचे शब्द सांग. शेवटी सांग की किसन खोटं बोलला. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मी गेलो. कोणी म्हणेल, सतरा वर्षांचं पोरगं, गेलाच नसशील. मी गेलो. खामगावला गाडी बदलली, वडनेरच्या थांब्यावर उतरलो, विचारत विचारत घरापर्यंत पोचलो. निंबाच्या सावलीत एक ओटा होता, ओट्यावर लाल मिरच्यांचा ढीग, आणि देठं खुडत बसलेली एक म्हातारी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातभर हिरव्या बांगड्या, देठ तुटला की वाजायच्या. मला मिरचीचा खाट, म्हणजे तिखट दर्प, लागला, शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती हसली. म्हणाली, “झोंबलं का रे बाबू? बस, पानी देतो.”

तिनं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. गाव विचारलं. मी चिखलीकडचा म्हणालो, रस्ता चुकलो म्हणालो. तिचा हात देठांवर थांबला.

“चिखलीकडं एक पलटनवाले भाऊ हायेत, मरून आलेले. वयखतं का त्यायले?”

“नाही.”

“जित्ते असले त रामराम सांगजो. त्यायच्याच भरोशावर दिवस काढून राह्यलो.”

मी गूळ खाल्ला. तांब्यातलं उरलेलं पाणी प्यालो, कारण टाकलं तर ती काय म्हणेल असं वाटलं. आणि निघालो. काडेपेटी खिशात मांडीला लागत होती. काऊन बोललो नाही, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. उत्तर असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

घरी आलो तेव्हा आबाजी अंगणात बाजेवर बसून होते. दुपारपासून तिथंच होते म्हणे, पाणीही घेतलं नव्हतं.

“सांगतलं?”

“सांगतलं.”

“काय म्हने?”

“रडली.”

मग अगदी खालच्या आवाजात, “बांगड्या?”

“वाढवल्या,” मी म्हणालो. “तिनं सोताच वाढवल्या.”

मग मी ओटा सांगितला, निंब सांगितला, मिरच्या सांगितल्या, सगळं खरं खरं. पुतळा करणार आहेत, करदोडा त्यांनी देवापुढे ठेवला आहे, असंही सांगितलं. किसन खोटं बोलला, त्यावर ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “म्हने, माफ केलं.” ते ऐकून आबाजींनी दोन्ही हात जोडले. कोणाला जोडले माहीत नाही. समोर मी होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतक धरलं. चाळीस वर्षांनी. हनुमानाच्या देवळापुढे न्हाव्याला बोलावून डोकं उतरवलं, मिशा काढल्या. न्हावी म्हणाला, “आबाजी, सोताच्याच पुतळ्याचं सुतक फेडून राह्यले का?” आणि आबाजी हसले. मी त्यांना तसं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. दहा दिवस जमिनीवर झोपले, एकवेळ जेवले. वडनेरला तिकडं पिंड पडत असतील, या हिशेबानं दहाव्या दिवशी पैनगंगेवर जाऊन पाणी सोडून आले. गुडघे धड नव्हते तरी चालत गेले. मी त्यांना धरलं होतं. नदी आटलेली होती, एका डोहात गुडघाभर पाणी, शेवाळाचा वास. ते नामदेवचं नाव घेऊन ओंजळ सोडत होते आणि माझ्या खिशात काडेपेटी होती.

त्याच महिन्यात गावात एक लग्न होतं. पंगत बसली. आबाजींनी डाव्या हातानं जमिनीवर थाप मारली आणि मला म्हणाले, “बस.” मी बसलो. वरण-बट्ट्यांची पंगत होती, वांग्याची भाजी, तुपाची धार. सगळे बघत होते, आई तर डोळे पुसत होती. तो घास मी अजून गिळतोच आहे.

पहाटेची गिनती थांबली. ते सूर्य वर येईपर्यंत झोपू लागले, लहान मुलासारखे. कार्तिकात गेले. शेवटच्या दिवसांत कोणी काही विचारलं तर म्हणायचे, “माहं काही राह्यलं नाही. वडनेरचं काम झालं.”

मी एसटीत कंडक्टर लागलो. काही वर्षं चिखलीहून मलकापूरला जाणारी गाडी माझ्याकडे होती. खामगाव, नांदुरा, मग वडनेर भोलजी. दिवसातून दोनदा मी त्या थांब्यावर दार उघडायचो, “वडनेर, वडनेर” म्हणून हाक द्यायचो, लोक उतरायचे, मी पायरीवरून खाली पाय ठेवायचो नाही. ड्रायव्हर चहाला उतरला तरी मी गाडीत बसून तिकिटं मोजायचो. तो म्हणायचा, “वडनेरात सासुरवाडी हाये का लपवलेली?” मी हसायचो. हसण्यात मी पुढं तरबेज झालो.

पितृपक्षात एक दिवस नांदुऱ्याला एक म्हातारी चढली. मांडीवर टोपली, टोपलीत खण, नारळ, हिरव्या बांगड्या. गाडीत गर्दी होती, मी तिला जागा करून दिली आणि सहज विचारलं, मावशी, पितरात कोनाची ओटी. ती म्हणाली, “माह्या मायची. नवमी हाये न. सवाष्णीले जेवू घालतो.”

नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. मी तिकीट फाडता फाडता थांबलो. कोणतं गाव, विचारलं. वडनेर.

ती आपणहून बोलत राहिली, म्हाताऱ्या बायका बोलतात तशी. माय चार वर्षांमागे गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, वाजतगाजत नेली. गावच्या बाया तिच्या कुंकवाच्या पाया पडल्या. “बाप लढाईतून आलाच नाही,” ती म्हणाली. “मायनं मरतानी शपथ घातली मले. म्हने इंदे, कोनी येऊन तोंडानं सांगन तवाच त्याचं पान वाढजो, तोवर नाही. जित्या मानसाचं पान वाढू नये. मी त नाही वाढत. पन मले समजते न साहेब. तो काय आता येते का. उपाशीच हिंडत असन कुठीतरी.”

वडनेर आलं. मी तिची टोपली खाली दिली. ती माझ्या दंडाला धरून पायरी उतरली. म्हणाली, “सुखी राय बाबा.” मी दोनदा घंटी मारली. गाडी निघाली. पुढच्या महिन्यात मी अर्ज करून तो रूट सोडला.

आता मी डेपोत टेबलावर असतो. आबाजींचा दगड बसल्यापासून मला सकाळी लवकर जाग येते आणि मी उगाच अंगणात जाऊन उभा राहतो, मग लाज वाटून आत येतो. फेब्रुवारीत एका रविवारी वडनेरला जायला निघालो होतो. खामगावच्या स्टँडवर चहा प्यालो आणि परतीच्या गाडीत बसलो. बायकोला सांगितलं, दवाखान्यात एकाला बघायला गेलो होतो.

कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. आता सांगून काय, काशीबाईचं अहेव मरण खोटं पडेल, त्या बाया ज्याच्या पाया पडल्या ते कुंकू तिच्या तरुणपणीच पुसायचं होतं असं होईल. आपल्या गावातल्या पोरांनी ज्याला सलाम केला तो दुसऱ्याचा दोरा होता, हेही कळेल. आबाजींच्या दगडावर लोक थुंकतील का, असाही विचार येतो. आबाजींनीही अशीच चाळीस वर्षं कारणं काढली असतील. फरक एवढाच की त्यांना ती टोचत होती आणि त्यांनी ते आंब्याखाली बसून कबूल केलं. मी त्यांना खोट्या माफीवर झोपवून पाठवलं. नामदेवला तिकडं कुठं भेटले असतील तर त्यांनी त्याला सांगितलं असेल, झालं रे, सांगितलं काशीले. आणि काशीबाई तिथं हिरव्या बांगड्या घालून पोचली असेल. हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

गेल्या आठवड्यात त्या रूटवरच्या नव्या, वडनेरच्याच, कंडक्टरला मी इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, वडनेरची ती इंदूबाई, नवमीला टोपली घेऊन यायची ती, आहे का अजून. तो म्हणाला, “हाये की. दिसत नाही आता तिले. घरातच असते. पन ऐकू चांगलं येते.”

तिचा बाप श्रावण वद्य पंचमीला, तापानं आणि हगवणीनं, माझ्या आजोबांच्या मांडीवर गेला. त्यानं वाट पाहू नका म्हणून सांगितलं होतं. आणि मरताना त्यानं तिचं नाव विचारलं होतं. इंदूबाई ऐकू शकते तोवर तिच्या ओट्यावर जाऊन, माझ्या तोंडानं हे सांगणं आणि हे मला सदतीस-अडतीस वर्षांपासून माहीत होतं हेही सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.